पाचवी खाच

ये, बस इथं ओट्यावर. आई आत्ताच आत जाऊन आडवी झालीय, म्हणून जरा हळू बोलू. तशीही हायवेवरच्या ट्रकांच्या आवाजात आपलं बोलणं आतपर्यंत जायचं नाही, पण तिचे कान कसे आहेत ते तुला ठाऊक आहे.

दुपारी तू मोबाइलवर ते लाल शॉकप दाखवलेस ना, मागं गॅसची डबी लावलेले, आणि म्हणालीस, ‘ताई, पगार झाला की हेच टाकते, अ‍ॅव्हेंजर कशी भारी दिसेल पाय.’ मी तेव्हा गप्प राहिले आणि तुझा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. तुला वाटलं असेल, वाळूजला बारा वर्षं शॉकपच्या कारखान्यात काढलेली बहीण, आणि दोन शब्द कौतुकाचे नाहीत हिच्याकडे. पण आई समोर बसली होती गं. तिच्यासमोर तो विषय माझ्याच्यानं निघत नाही. का निघत नाही तेही सांगते, पण आधी गाडीचं बोलू.

गाडी तू चांगली घेतलीस. जुनी असली तरी इंजिन स्वच्छ आहे, आणि आपल्या घरातल्या बायकांच्या उंचीला हीच बरोबर. सीट जमिनीपासून ७३७ मिलीमीटर, दोन्ही पाय सपाट टेकतात. शेलूबाजारपर्यंत रोज एकटीनं जायचं, वाटेत ट्रक, ट्रॅव्हल्स, ट्रॉल्या, तर थांबल्यावर पाय टेकायला हवेतच. समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यातून गेला, पण त्याच्यावर दुचाकीला परवानगी नाही. तेव्हा तुझ्या नशिबी हा जुना नागपूर–औरंगाबाद रस्ताच आहे, आणि शॉकप कुठले टाकायचे ते या रस्त्याकडे बघून ठरवायचं, मोबाइलकडे बघून नाही.

आधी एक गोष्ट समजून घे. तुझ्या अ‍ॅव्हेंजरसारखी क्रुझर बसकी असते ती उगाच नाही, आणि त्याची किंमत कुठंतरी मोजावी लागतेच. अमेरिकेतल्या ज्या गाड्यांवरून हा सगळा थाट आला, त्यांना कित्येक वर्षं मागं शॉकपच नव्हते. हार्लेनं आपल्या मोठ्या गाड्यांना १९४९ साली पुढं तेलाचा फोर्क आणला, त्यांना मागं शॉकप यायला १९५८ उजाडलं. तोवर मागचं चाक थेट सांगाड्याला, आणि बसणाऱ्याला आधार म्हणजे सीटखालच्या स्प्रिंगा. पुढं शॉकप आले तरी लोकांना तीच मागं उतरत गेलेली पाठ डोळ्यांना हवी होती. मागची पाठ खाली ठेवायची म्हणजे चाकाला वर जायला जागा कमी ठेवायची. आपल्याकडे बजाजनं २००१ मध्ये कावासाकीच्या इंजिनाची एलिमिनेटर काढली, २००५ मध्ये तिची अ‍ॅव्हेंजर झाली, २०१० मध्ये २२० आली. थाट तोच. तुझ्या गाडीचा पुढचा फोर्क १४० मिलीमीटर दबतो आणि मागचं चाक जेमतेम ९०. माझ्या वितीचा अर्धा भागही नाही.

आणि दुसरं. आपल्या साध्या गाडीवर खड्डा दिसला की आपण पायावर जोर देऊन जराशी उठतो. गुडघे हेही एक प्रकारचे शॉकपच. क्रुझरवर पाय पुढं ताणलेले, उठता येतच नाही. सगळा धक्का माकडहाडातून सरळ कण्यात. मागं बसलेल्याचं तर विचारूच नको. तो जवळजवळ चाकाच्या डोक्यावर बसलेला असतो. चालवणाऱ्याला पुढचं आणि मागचं चाक मिळून अर्धा अर्धा धक्का देतात, मागच्याला मागचं चाक पुरा देतं. हे लक्षात ठेव, यावर मी परत येणार आहे.

आता आपला रस्ता. तू रोज जातेस म्हणून तुला त्याचं काही वाटत नाही, पण एकदा नीट आठव. दोन तऱ्हेचा त्रास आहे. एक म्हणजे लाटा. डांबर गुळगुळीत दिसतं, खड्डा नाही, तरी गाडी होडीसारखी वरखाली होते. ती आपल्या काळ्या मातीची करामत. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात हात भेगा पडतात. तिच्यावर घातलेला रस्ता दरवर्षी तिच्यासोबत वरखाली होतो. ठेकेदाराला शिव्या दे, त्याच्याही वाटणीच्या असतील, पण मातीचा स्वभावच तसा आहे. दुसरा त्रास म्हणजे धारेचा: खड्ड्याचा काठ, पुलाचा सांधा, सुगीत रस्त्यावर सोयाबीन वाळत घालणाऱ्यांनी कडेला लावलेले दगड, आणि गावागावातले स्पीडब्रेकर.

स्पीडब्रेकरचंही नियमाचं माप आहे, बरं का. इंडियन रोड्स काँग्रेसनं ठरवलेला गोल ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटरनं जाताना त्रास होऊ नये असा. म्हणजे त्याच्या माथ्यावर चढायला चाकाला सेकंदाचा पाव भाग मिळतो. आपल्या गावची पोरं अपघात झाला की चिडून रातोरात जो घालतात, तो दीड फूट रुंद आणि उंची मात्र तीच, १० सेंटीमीटर. त्याच्यावरून तू ताशी ४० नं गेलीस तर चाकाला १० सेंटीमीटर वर उठायला सेकंदाचा चाळीसावा भागही मिळत नाही. आणि मागं जागा किती? ९ सेंटीमीटर. त्यातलीही तू बसल्यावर काही आधीच वापरलेली. सांग, कुठला लाल शॉकप हे गणित बदलणार आहे?

नाही, बदलू नको असं म्हणत नाहीये मी. ऐक तर.

शॉकपमध्ये दोन वेगळी कामं करणारी दोन माणसं आहेत असं समज. स्प्रिंग वजन पेलते आणि धक्का साठवते. पण साठवलेलं ती परत फेकणारच, तिचा धर्मच तो. तिला आवरतं आतलं तेल. दांडा आत-बाहेर होताना तेलाला बारीक छिद्रांतून जावं लागतं, त्या घासाघाशीत धक्क्याची उष्णता होते आणि संपते. आमच्याकडे यंत्रावर शॉकप लावून ही ताकद मोजतात, पडद्यावर एक गोल वाकडी रेघ उमटते, बटाट्याच्या आकाराची. चांगल्या शॉकपचा बटाटा सलग. तेलात हवा मिसळली की त्याला एका बाजूनं चावा घेतल्यासारखा खळगा पडतो. खडबडीत रस्त्यावर तासभर चालवलं की साध्या शॉकपमधलं तेल तापतं, फेसाळतं, आणि फेस काही आवरत नाही. म्हणून नायट्रोजन भरतात. दाबाखाली तेलाला फेस धरायला वाव मिळत नाही. गॅसचा खरा उपयोग हा एवढाच आणि एवढा मोठा. त्यानं गाडी ‘मऊ’ होत नाही. आणि बाजारात अशाही जोड्या मिळतात ज्यांची डबी नुसती शोभेची असते, आतून शॉकपला जोडलेलीच नसते. तू दाखवलीस तिची किंमत पाहून मला तीच शंका आली.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही नाहीच. महत्त्वाची गोष्ट आहे ‘सॅग’. गॅरेजमध्ये हा शब्द कुणी काढत नाही. गाडीवर तू बसलीस की ती किती खाली बसते, ते माप. लोकांना वाटतं, बसूच नये, ताठ राहावी. मलाही एकदा तसंच वाटलं होतं. अगं, चाकाला नुसतं वर जायचं नसतं, खाली उतरायचंही असतं! खड्डा आला की चाकानं त्यात पाय टाकून जमीन धरली पाहिजे. गाडी बसल्यावर जेवढी खाली आली, तेवढीच चाकाला खाली उतरायला सवलत. ती शून्य असेल तर खड्ड्याच्या काठावर चाक हवेत राहतं, आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण घेता येतं. वर ते परत आदळतं ते वेगळंच. शॉकप असतो तो टायर जमिनीला लागून राहावा म्हणून. आपल्या पाठीला बरं वाटतं ते त्यातूनच.

एकूण हालचालीच्या पावभर ते तिसरा हिस्सा सॅग असावा. तुझ्या गाडीला मागं २५ ते ३० मिलीमीटर, पुढं ३५ ते ४५. आता तू ४८ किलोची, आणि स्प्रिंग बनवणाऱ्यानं ती दोन मोठी माणसं आणि त्यांची पिशवी डोळ्यांसमोर धरून बनवलेली. शिवाय मागच्या शॉकपची ती खाचांची रिंग, पाच खाचांची, ती जुन्या मालकानं कुठं ठेवलीय ते मी मघाशी बॅटरी घेऊन वाकून पाहिलं. चौथ्या खाचेवर आहे. म्हणून तुला ती दगडासारखी लागते. शॉकप गेलेले नाहीत बाई, तुझ्यासाठी लावलेलेच नाहीत ते.

खाच वाढवली की स्प्रिंग कडक होते, असं सगळे मेकॅनिक सांगतात. ते खरं नाही. स्प्रिंग तीच राहते. रिंग वर सरकली की ती आधीच थोडी दाबून ठेवली जाते, एवढंच. त्यामुळे वजन आल्यावर गाडी कमी बसते. जड माणूस मागं बसणार असेल तर ते योग्यच, कारण मग सॅग परत मापात येतो. पण हलक्या माणसासाठी खाच चढवली तर गाडी बसतच नाही. पहिला बराच धक्का स्प्रिंग हलायच्या आधी तुझ्या कण्याला हलवतो.

आता आईसमोर हा विषय का निघत नाही, ते सांगते.

मी पंचवीस वर्षांची होते तेव्हा. तू दहावीला होतीस आणि मामाकडे अकोल्याला. मी पहिल्या दोन वर्षांच्या पगारातून अशीच जुनी अ‍ॅव्हेंजर घेतली होती आणि सुट्टीत चालवत घरी आणली. वाळूजला मी तेव्हा यंत्रावर शॉकप चढवण्या-उतरवण्याचं काम करायची, रेघांचा अर्थ अजून शिकायची होती, पण मला वाटायचं सगळं कळतं. रस्त्यात एका गॅरेजमध्ये मी मागं लांब शॉकप बसवून घेतले होते, मूळच्यापेक्षा साधारण पाऊण इंच लांब. गाडीची पाठ जरा उचलून आली, मला ती ऐटदार वाटली. मेकॅनिक म्हणाला, ‘ताई, पाचव्या खाचेवर टाकून देतो, मंग पाहा कशी कडक होते ते.’ मी म्हणाले, टाक. त्याला दोष देत नाही, मी ‘टाक’ म्हटलं म्हणून त्यानं टाकली.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन कारंज्याला गेले, गुरुमंदिरात दर्शनाला. आई लुगडं सावरून एका अंगानं बसली होती, एक हात बॅकरेस्टच्या पाइपला. जाताना नीट गेलो. येताना उन्हं कलली होती, समोरून तिरीप डोळ्यांवर. एका गावाच्या तोंडाशी नवा ब्रेकर घातला होता, त्यावर पांढरे पट्टे नव्हते. मी पन्नासच्या आसपास असेन. पुढचं चाक वर गेलं, पुढचा फोर्क पूर्ण दबला, ठक्क झालं. मग मागचं चाक. मागून नुसता ‘आई गं’ एवढाच आवाज आला. ती उडाली आणि परत सीटवरच पडली. खाली पडली नाही, म्हणून मी देवाचे आभार मानले आणि गाडी तशीच चालवत घरी आले. तीही काही बोलली नाही. घरी आल्यावर उतरायला तिनं माझा खांदा धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

आठ दिवस ती कमरेला फडकं बांधून वावरली. मग वाशिमला एक्स-रे काढला. मणका दबला होता. बाबांना, मामाला, तुला, सगळ्यांना तिनं सांगितलं की भरला हंडा उचलताना लचक भरली. तू आजवर तेच खरं मानतेस. मीही गप्प बसले. तिनंच मला डोळ्यांनी गप्प केलं होतं, कारण बाबांनी मग मला गाडी चालवू दिली नसती, आणि नोकरीच्या गावी जाऊही दिलं नसतं. आज ती दळण घेऊन उठताना भिंतीचा आधार घेते ना, ते त्या संध्याकाळचं आहे.

रडू नको. तुला रडवायला सांगितलं नाही. त्या दिवशी काय काय चुकलं होतं, ते मी नंतर आमच्या यंत्राजवळ उभी राहून एकेक करून शिकले, आणि ते मला तुला द्यायचंय.

लांब शॉकप टाकले की मागची बाजू उचलते आणि पुढचा फोर्क उभा होतो. क्रुझरचा फोर्क तिरपा असतो, म्हणून ती सरळ रस्त्यावर हात सोडल्यासारखी शांत चालते. तो उभा केला की तो शांतपणा कमी होतो, वजन पुढं सरकतं, ब्रेक मारताना नाक जास्त खुपसतं. माझा फोर्क त्या ब्रेकरवर पूर्ण दबला तो आधीच पुढं झुकलेल्या गाडीमुळे. साइड स्टँडवरही गाडी उभी राहते ती काठावर, वाऱ्यानं पडेल अशी. चेनचा ताण बदलतो. उलट शॉकप आखूड केले तर आपल्या ब्रेकरवर सायलेन्सर घासणार, तुझ्या गाडीचं पोट जमिनीपासून १६९ मिलीमीटरच आहे. म्हणून शॉकप बदलताना दोन डोळ्यांमधलं अंतर, वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत, जुन्याइतकंच हवं. बुशाचं भोक आणि रुंदीही तीच. दुकानदार ‘फिट होते ताई’ म्हणेल. होत असेल. तू टेप घेऊन जा.

शिवाय कायद्याचंही आहेच. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की नोंदणीच्या कागदांत असलेल्या कंपनीच्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच धरून निकाल दिला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा एकेका बदलाला ५,००० रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद आली. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा चांगला भाग टाकणं आणि गाडीची उंची-आकार बदलणं, यातलं अंतर ओळख. उद्या अपघात झाला तर विम्यावाला पहिल्यांदा तेच शोधेल.

बरं, मग करायचं काय, तर सुरुवात पैसे न लागणाऱ्या गोष्टींपासून. टायरमधली हवा. मॅन्युअलमध्ये एकट्यासाठी आणि मागं बसणाऱ्यासाठी वेगळा आकडा असतो, तो सकाळी थंड टायरवर बघायचा. पंपावरचा पोरगा डोळे झाकून चाळीस भरतो, त्याला थांबवायचं. फुगलेला टायर म्हणजे खडा दगड, त्यापुढं शॉकप बिचारा काय करणार! मग कोन सेट: पुढचं चाक उचलून हँडल हळूच मधून फिरव, मध्यावर ‘टक’ करून बसल्यासारखं वाटलं तर गोळ्यांनी खाच पाडलीय. मागचं चाक धरून आडवं हलव, स्विंग आर्मचा बुश गेला असेल तर हाताला कळेल. हे गेलेले असताना शॉकप बदलणं म्हणजे गळक्या घरात नवी गादी टाकणं.

मग पुढचा फोर्क, आणि माझं ठाम मत आहे की तुझे पहिले पैसे इथंच जायला हवेत. सगळे मागच्या शॉकपच्या मागं लागतात कारण ते दिसतात, पण ब्रेक मारताना गाडीचा भार पुढं येतो आणि वळणात गाडी पुढच्या चाकाच्या भरवशावर असते. मागचे नवे, पुढचा मेलेला, अशी गाडी वळणावर डोकं हलवते. या गाडीच्या जुन्या मालकानं फोर्कचं तेल कधी बदललं नसणार. उतरवशील तेव्हा बघ, राखाडी पाणी निघेल आणि कुजका वास येईल. ते काढून, आत धुऊन, नवे ऑइल सील आणि धुळीचे सील टाकून, दोन्ही पायांत मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच तेल मोजून भरायचं. दोन्हीत अगदी सारखं. दहा मिलिलिटरचाही फरक चालू देऊ नको, मोजायला औषधाची सिरिंज घे. दांड्यावर गंजाचा ठिपका असेल तर नवं सील महिन्यात फाटणार, म्हणून तो आधी नखानं चाचपून बघायचा. हे सगळं मिळून एका चांगल्या टायरपेक्षा कमी खर्चात होतं, आणि अर्ध्या गाड्यांचं काम इथंच संपतं.

तेल जाड घातलं की गाडी कमी खुपसते, म्हणून काही जण जाडच घालतात. आपल्या रस्त्याला ते चालायचं नाही. साध्या फोर्कमध्ये तेल ठराविक भोकांतूनच जातं. हळू दबताना, म्हणजे ब्रेक मारताना किंवा लाटेवर, ते सहज निघून जातं. धारेच्या खड्ड्यावर मात्र एकदम एवढं तेल भोकातून निघेना होतं, आणि फोर्क काठीसारखा ताठ होतो. दुप्पट वेगाला अडथळा दुप्पट नाही, जवळपास चौपट. जाड तेलानं लाटा सुधारतात आणि खड्डे बिघडतात. माती आणि ब्रेकर, दोन्ही आपल्याच वाट्याला आल्यामुळे आपल्याला मधलाच रस्ता धरावा लागतो. कंपनीनं सांगितलेलंच तेल, आणि अजूनही नाक खुपसत असेल तर फोर्कच्या स्प्रिंगा बदलायच्या, वजनाला साजेशा. त्यात एका टोकाला वेढे जवळ जवळ असलेल्या स्प्रिंगाही मिळतात, आधी मऊ आणि पुढं कडक होत जाणाऱ्या. क्रुझरला त्या बऱ्या जमतात. याहून पुढचं म्हणजे फोर्कच्या आत बसवायची झडप, जी धारेच्या धक्क्याला उघडून तेलाला वाट देते. त्यासाठी आतल्या नळीची भोकं मोठी करावी लागतात, आणि एकदा भोक पाडलं की परत बुजत नाही. तुला तिची गरज नाही. लांब लांबच्या सफरी करायला लागलीस की बघू.

फोर्क परत बसवताना एक गोष्ट मेकॅनिकच्या डोक्यावर उभी राहून करून घे. पुढच्या चाकाचा अ‍ॅक्सल आवळला की फोर्कच्या पायाचे बोल्ट आवळायच्या आधी गाडी चार-पाच वेळा पुढून दाबून सोडायची, म्हणजे दोन्ही पाय आपोआप एका रेषेत येतात. नाहीतर ते एकमेकांना अडवून धरतात आणि नव्या तेलातही फोर्क अडखळतो. आमच्या हाताखालून गेलेल्या, ‘खराब’ म्हणून आलेल्या कितीतरी जोड्या निव्वळ अशाच आवळलेल्या होत्या.

मागचे तुझे आहेत ते मेलेत का, ते असं बघ: मागून पूर्ण दाबून सोड. वर येऊन एकदा थांबली तर ठीक, दोन-तीनदा डुलली किंवा दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला तर बदल. बदलताना कंपनीचीच जोडी घेतलीस तरी मी नाही म्हणणार नाही. चांगली घ्यायचीच असेल तर उलट येण्याचा वेग कमी-जास्त करायची चकती असलेली घे, ज्याला रिबाउंड म्हणतात. आपल्या काळ्या मातीच्या लाटांवर त्याचा जो उपयोग आहे तो दुसऱ्या कशाचा नाही. आणि विकणाऱ्याला तुझं वजन, आणि मागं कोण बसतं त्याचं वजन, दोन्ही विचारायला लाव. जो विचारत नाही, त्याच्याकडून घेऊ नको. थायलंडच्या, स्वीडनच्या कंपन्यांचीही नावं तुला लोक सांगतील, माल चांगलाच आहे त्यांचा, पण पुण्या-नाशकाकडे आणि आमच्या वाळूजलाही देशातल्या लाखो गाड्यांचे शॉकप बनतात, त्यातले आमचे हात काही कमी नाहीत. सुटे भाग, सील, दुरुस्तीचा माणूस मालेगाव-वाशिमला मिळतो का, हे मी नावापेक्षा जास्त मोजते.

तर उद्या सकाळी नवीन काही आणायचं नाही. बाबांची लोखंडी टेप घ्यायची आणि एक वही. मागच्या सीटखालच्या पट्टीवर खडूनं खूण करायची, तिथून खाली अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत माप. पहिला आकडा, मी आणि बाबा मिळून गाडी मागून उचलून धरू, चाक हवेत लोंबेल तेव्हाचा. दुसरा, गाडी नुसती आपल्या वजनावर उभी असताना. तिसरा, तू बूट घालून, शाळेची बॅग पाठीवर घेऊन, पाय फूटरेस्टवर ठेवून बसलीस तेव्हाचा. मी पुढून धरते तुला. प्रत्येक वेळी गाडी थोडी दाबून सोडायची आणि दोनदा मोजायचं, कारण बुश चिकटून खोटा आकडा देतात. मग पहिल्यातून तिसरा वजा. माझा अंदाज आहे, पंधराच्या वर जाणार नाही. मग सी-पान्यानं रिंग चौथीवरून पहिल्या खाचेवर, दोन्हीकडे सारखी, आणि परत मोज. पंचवीसच्या जवळ आलं तर तुझे बरेच पैसे वाचले. पहिल्या खाचेवरही वीसच्या आत राहिलं तर तुला मऊ स्प्रिंगची जोडी हवी, आणि तीच तुझ्या लाल शॉकपच्या पैशातून घ्यायची, रंग कुठलाही मिळो.

चौथा आकडा मागं माणूस बसवून घ्यायचा असतो, म्हणजे दोघांसाठी खाच कुठली ते वहीत लिहून ठेवता येतं, आणि बसायच्या आधी एक मिनिट थांबून रिंग फिरवता येते. बाबांना बसवून उपयोग नाही, ते कधी तुझ्या मागं बसणार नाहीत. बसली तर आईच बसेल, दवाखान्याला नाहीतर बाजाराला. दहा वर्षांत ती कुठल्याच मोटरसायकलवर बसलेली नाही, एसटीनं जाते. उद्या गाडी उभी असतानाच फक्त, अंगणात, दोन मिनिटं. तूच विचार तिला. माझ्या तोंडून ते निघणार नाही.